प्लास्टरचा मंगळवार आणि सव्वाशे किलोमीटर

जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका ताईंनी विचारलंय, ते आधी थोडक्यात मांडते. त्यांचं दुसरं बाळ दोन महिन्यांचं आहे. जन्मतःच दोन्ही पावलं आत वळलेली, ज्याला क्लबफूट म्हणतात. मिरजेला दर मंगळवारी प्लास्टर बदलायला बोलावलंय. दोन प्लास्टरं झाली, तिसऱ्याचा मंगळवार चुकला. घरापासून मिरज सव्वाशे किलोमीटर. गाडी नाही. नवरा ट्रकवर, पंधरा दिवसांनी घरी येतो. सासूबाईंचे गुडघे धरलेले. सोबत तीन वर्षांची मोठी मुलगी. सकाळी ६ ची एसटी, जतला गाडी बदलायची, मिरजेत पोचायला साडेदहा, मग केसपेपर, रांग, प्लास्टर होईस्तोवर दोन. परतीला जतहून गावाकडे शेवटची गाडी साडेसहाची. दुसऱ्या खेपेला ती चुकली आणि दोन्ही पोरांना घेऊन रात्र जतच्या स्टँडवर काढावी लागली. पुढच्या मंगळवारी त्या गेल्याच नाहीत. त्या विचारतात, दर आठवड्याला एवढ्या लहान पोरांना घेऊन जायचं कसं? घरचे म्हणतात बाळ वर्षाचं झालं की बघू, तसं चालेल का?

ताई, मी डॉक्टर नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात १९ वर्षं वैद्यकीय समाजसेविका आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं प्लास्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर आयांशी बोलण्यात गेली. पायाचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. घरापासून त्या खोलीपर्यंतचा रस्ता कसा निघतो, ते मी सांगू शकते.

पण त्याआधी एक काम आत्ता, हे वाचतानाच करा. तुमच्या बाळाच्या प्लास्टरला आता ११ दिवस झालेत. दोन्ही पायांची बोटं बघा. बोटं प्लास्टरबाहेर पहिल्या दिवशी जेवढी दिसत होती तेवढीच दिसतात का? अंगठा हलका दाबून सोडला की पांढरा पडून लगेच पुन्हा गुलाबी होतो का? बोटं आत गेलेली दिसली तर प्लास्टर घसरलंय, आणि घसरलेलं प्लास्टर पाय सरळ करत नाही, उलट कातडीला घासून जखम करतं. बोटं निळसर, गार किंवा सुजलेली असतील, आतून वास येत असेल, बाळ सारखं किंचाळत असेल, तर मंगळवारची वाट बघू नका. मिरजही नको. जतचं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि प्लास्टर काढून घ्या. तेवढंही शक्य नसेल तर घरी कोमट पाण्यात पाय बुडवून, ओलं फडकं गुंडाळून ठेवून ते मऊ होतं आणि पट्टी उलगडत सोडवता येतं. सुरी, ब्लेड, कात्री अजिबात नको. बोटं ठीक असतील तर प्लास्टर अंगावर तसंच राहू द्या आणि उद्या सकाळी मिरजेला फोन करा. फोनवर काय बोलायचं ते पुढे सांगते.

आता "वर्षाचं झालं की बघू" याबद्दल. घरच्यांचा यात वाईट हेतू नसतो, एवढंसं बाळ आणि एवढा प्रवास बघून ते बोलतात. पण तुमच्या बाळाच्या बाबतीत उत्तर नाही असं आहे, आणि ते का नाही हे घरात समजावून सांगता आलं पाहिजे. या उपचाराला पोन्सेटी पद्धत म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती बसवली. नवजात बाळाच्या पावलाचे अस्थिबंध मऊ असतात, हाडंही पुरती कडक झालेली नसतात. हातानं पाऊल थोडं वळवायचं, तेवढ्यावर प्लास्टर घालून धरून ठेवायचं, आठवड्यानं काढून आणखी थोडं वळवायचं. प्रत्येक प्लास्टर आधीच्यानं मिळवलेल्यावर उभं असतं. मध्येच सोडलं तर पाऊल मागे सरकतं आणि केलेल्या दोन खेपा वाया जातात. उशिरा आणलेल्या मुलांचेही पाय सुधारतात, त्यांच्या आईबापांनी हातपाय गाळायचं कारण नाही, पण तिथे प्लास्टरं जास्त लागतात आणि चालायला लागलेल्या पोराला मांडीपासून प्लास्टरमध्ये ठेवणं म्हणजे काय, ते मी रोज बघते. आज तुमचं बाळ कडेवर मावतंय. या प्रवासाला याहून सोपं वय पुढे येणार नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की ग्रहणात भाजी चिरल्याचं बोलणं घरात निघतं. साधारण आठशे ते हजार बाळांमागे एकाला हे होतं, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त, आणि बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. ग्रहणात आईनं काय केलं, काय खाल्लं, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मी बाकावर शेकडो वेळा सांगितलंय आणि इथेही सांगते, कारण स्वतःला गुन्हेगार समजणारी आई क्लिनिकमध्ये तोंड वर करून काही मागत नाही, आणि तुम्हाला आता बरंच काही मागायचं आहे.

माझ्या मते तुमची खरी अडचण एका दिवसाच्या प्रवासाची नाहीच. तो अवघड आहे, पण तो तुम्ही दोनदा करून दाखवलात. अडचण ही आहे की असे किती मंगळवार करायचे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. "पुढच्या मंगळवारी या" एवढंच कळतं, आणि ज्याला शेवट दिसत नाही ते काम माणूस सोडून देतं. म्हणून मोजून टाकू. बहुतेक बाळांना पाच ते सात प्लास्टरं लागतात. त्यानंतर दहापैकी आठ-नऊ बाळांची टाच वर ओढलेली राहते, तिच्यासाठी टाचेमागची ताठ शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) एका छोट्या छेदानं मोकळी करतात, त्याला टेनोटॉमी म्हणतात. त्या दिवशी घातलेलं शेवटचं प्लास्टर तीन आठवडे राहतं, म्हणजे त्या तीन आठवड्यांत खेप नाही. मग दांडीचे बूट, म्हणजे मधल्या दांडीनं एकमेकांना जोडलेले दोन बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर फक्त झोपताना, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. बूट मिळाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी एक तपासणी, मग तीन महिन्यांनी, आणि पुढे वर्षाला तीन-चार.

तुमची दोन झाली. म्हणजे दर आठवड्याच्या खेपा आता तीन ते पाचच उरल्यात, टेनोटॉमीसह सहा धरा. एक मंगळवार चुकलाय म्हणून आणखी एखादी वाढेल. पाऊल किती ताठ आहे त्यावर हा आकडा कमीजास्त होईल, पण वर्षभर दर मंगळवारी असं काही नाही. दीड-दोन महिन्यांची ही चढण आहे. दीड-दोन महिन्यांसाठी माणूस जी सोय लावू शकतो, ती वर्षभरासाठी लावू शकत नाही, म्हणून हा आकडा आधी घरात सांगा, भिंतीवर कॅलेंडरवर खुणा करा.

आणि आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही ओझरतं लिहिलंत की माहेर कवठेमहांकाळजवळ आहे. ताई, निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे. तिथून मिरज तुमच्या सासरपेक्षा निम्म्याहूनही कमी अंतरावर, मधली गाडी बदलणं नाही, संध्याकाळी शेवटची गाडी चुकण्याची धास्ती नाही, वर मिरज–पंढरपूर रेल्वेमार्गावर स्टेशनही आहे. रेल्वेची वेळ जुळत असेल तर लहान पोरांसाठी तिला तोड नाही, बाळाला बाकावर आडवं टाकता येतं आणि मोठीला संडासला नेता येतं. एसटीत हे दोन्ही नाही. दीड-दोन महिने माहेरी राहा. दोन्ही मुलांसकट.

माझ्याकडे आलेल्या आयांपैकी ज्यांच्या बाळांचे पाय पूर्ण सरळ झाले, त्यांतल्या लांबच्या कितीतरी जणी असंच माहेरी, नणंदेकडे, मावशीकडे राहून पार पडल्या. "पहिल्या बाळंतपणाला माहेरी राहते, मग दुसऱ्याच्या पायासाठी राहिली तर काय बिघडलं," असं एका सासूनंच माझ्यासमोर सुनेला सांगितलं होतं. तुमच्याकडे अडचण असेल तर ती बहुधा बोलण्याची असेल: सासूबाईंचं कोण बघणार, शेळ्या कोण बघणार, लोक काय म्हणतील. घराघराचं वेगळं असतं, मला ते इथून दिसत नाही. पण "मी माहेरी जाते" असं न सांगता "डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत मिरजेच्या जवळ राहायला सांगितलंय" असं सांगून बघा, पण त्याआधी डॉक्टरांना तसं केसपेपरवर लिहून द्यायला सांगा. ते खोटं नाही, बहुतेक डॉक्टर आनंदानं लिहून देतात. कागदावरची तारीख बघून घरच्यांनाही शेवट दिसतो.

जवळ राहिलात तर आणखी एक गोष्ट विचारता येते. प्लास्टर आठवड्यानंच बदललं पाहिजे असं नाही. पाच दिवसांनी, काही ठिकाणी आठवड्यातून दोनदाही बदलतात, आणि नीट केलं तर पाऊल तेवढंच चांगलं सरळ होतं, असं अनेक ठिकाणच्या अनुभवातून दिसलंय. म्हणजे सहा आठवड्यांचं काम तीन-चार आठवड्यांत होऊ शकतं. तुमच्या क्लिनिकचा दिवस आठवड्यातून एकदाच असेल तर जमणार नाही, बाळाच्या कातडीवरही ते अवलंबून. पण विचारा. मी हे सांगते कारण हा प्रश्न बाकीच्या आया विचारत नाहीत आणि डॉक्टरांना कुणी लांबून येतं हे माहीतच नसतं.

ते माहीत नसण्याचं एक उदाहरण माझ्याच पदरी आहे. कामाला लागून दुसरं वर्ष होतं. एका डोंगरी तालुक्यातली आई तीन प्लास्टरांनंतर यायची थांबली. मी वहीत "आली नाही" असं लिहिलं आणि पान उलटलं. ती आली तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होता आणि तिथे घट्टा पडला होता. तेव्हा कळलं की ती गाडीसाठी दोन तास चालत खाली उतरायची, पावसात गाडी बंद झाली, आणि मधल्या एका खेपेला उशीर झाला म्हणून खिडकीवर तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, बाई, तू येतेस कशी? त्या मुलाचा पाय पुढे बराच सुधारला, पण त्यासाठी त्याला मोठ्या शस्त्रक्रियेतून जावं लागलं. तेव्हापासून माझ्या वहीत पहिला रकाना पायाचा नाही, गावाचा आहे: कुठून आलात, कशानं आलात, शेवटची गाडी किती वाजता.

म्हणून तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. केसपेपर काढताना, प्लास्टर खोलीतल्या ब्रदरना किंवा सिस्टरना, डॉक्टरांना, तिघांनाही एकच वाक्य: "मी जतच्या पुढून आलेय, सव्वाशे किलोमीटर, अडीचच्या आत निघाले नाही तर शेवटची गाडी चुकते." रडू नका, भांडूही नका, वेळ सांगा. मी दुसऱ्या बाजूला बसते म्हणून सांगते, "लवकर करा हो" याचा आमच्यावर काही परिणाम होत नाही, कारण ते सगळेच म्हणतात. गाडीची वेळ सांगितली की हात हलतो. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांची खोली असते, बहुतेकांना ती माहीत नसते. ती शोधा, तुमचं नाव-गाव तिथे नोंदवा. लांबच्या बाळांना पहिले नंबर देणं हे त्यांच्या कामातच बसतं.

माहेरी राहणं काही केल्या जमलं नाही, तर प्रवासाची आखणी सकाळच्या गाडीपासून करू नका, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीपासून उलटी करा. साडेसहाला जत, म्हणजे मिरजेहून साडेतीनच्या आत सुटणारी गाडी, म्हणजे रुग्णालयातून अडीचला पाय बाहेर. हे दर वेळी साधणार नाही असं वाटत असेल तर आदल्या संध्याकाळीच माहेरी मुक्काम करा, सकाळी तिथून मिरज, आणि परतताना थेट घरी. एका लांब दिवसाचे दोन तुकडे झाले की पोरांना झेपतं. आणि गाडी चुकलीच तर कुठे जायचं ते निघण्याआधी ठरलेलं असू द्या. जतमध्ये ओळखीचं एक घर, एक फोन नंबर. स्टँडवरची ती रात्र तुम्हाला पुन्हा यायला नको, त्या रात्रीनंच तिसरं प्लास्टर चुकवलंय.

वडाप (खाजगी शेअर जीप) संध्याकाळी मिळेलच असं धरून चालू नका, आणि मिळालं तरी प्लास्टरचं बाळ घेऊन दाराच्या कडेला बसू नका, ड्रायव्हरच्या मागची जागा मागून घ्या. मोटारसायकलवर चौघांनी मिरज हा विचार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. चार वर्षांखालच्या मुलांसाठी सुरक्षापट्टा, नऊ महिन्यांवरच्याला हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे, पण नियम बाजूला ठेवला तरी दोन महिन्यांच्या बाळाची मान ते धक्के सोसत नाही. घर ते फाटा, हळू, एवढ्यापुरती दुचाकी ठीक.

पैशाचं गणित सोपं आहे आणि तुमच्या बाजूचं आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या स्त्रियांना निम्मं तिकीट आहे आणि ५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. म्हणजे तुम्ही आणि आई, किंवा तुम्ही आणि जाऊ, अशा दोघी दोन पोरांना घेऊन गेलात तर एका पूर्ण तिकिटात चौघं. नवऱ्यानं रोजगार बुडवून येण्यापेक्षा दुसरी बाई बरोबर असणं स्वस्तही आणि जास्त उपयोगाचंही. रेल्वेत कॅन्सर, थॅलेसेमिया, हृदयाची शस्त्रक्रिया अशा काही आजारांना मोठी सवलत असते, क्लबफूट त्या यादीत नाही, त्यामुळे त्या कागदांमागे धावू नका.

सरकारी गाडीचं विचाराल. १०८ तातडीसाठी आहे, तपासणीच्या तारखेला ती मागू नका. १०२ ची गोष्ट वेगळी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्याआणण्याची सोय धरलेली आहे. ठरलेल्या प्लास्टरसाठी ती मिळेल का, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर आणि त्या दिवशी गाडी रिकामी आहे का यावर ठरतं. मी दोन्ही पाहिलंय, दर आठवड्याला गाडी देणारं केंद्र आणि एकदाही न देणारं. आशाताईंना घेऊन एकदा जाऊन भेटा, निदान गावापासून जतपर्यंत सोडा एवढंच मागा, पूर्ण मिरजेपेक्षा त्याला होकार लवकर मिळतो. त्याच भेटीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे बाळाची नोंद झालीय का ते विचारा. क्लबफूट त्यांच्या यादीतला आजार आहे, अंगणवाडीत येणारं तेच पथक. नोंद असली की पुढे शस्त्रक्रिया लागली तरी खर्चाचा प्रश्न सुटतो, आणि कधी कधी पथकाची गाडी जिल्ह्याला जाते तेव्हा जागाही मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल करून काही करावं लागलंच, तर रुग्णाचं घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं त्या पॅकेजमध्ये एकदा धरलेलं असतं. ते मागितल्याशिवाय मिळत नाही, रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, आठवण करून द्या. दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात घातलेल्या प्लास्टरला ते लागू नाही.

आता प्लास्टरच्या दिवसाबद्दल, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिली गोष्ट, जुनं प्लास्टर घरून काढून नेऊ नका. तिकडे वेळ वाचेल म्हणून काही आया आदल्या रात्रीच भिजवून काढतात, कधी कुणी त्यांना तसं सांगितलेलंही असतं. पण उघडं पाऊल रात्रभरात मागे ओढलं जातं, आठवड्याची कमाई जाते. ते तिथेच, नवीन घालण्याच्या लगेच आधी निघालं पाहिजे. निघालं की बाळाला न्हाऊ घालायला दहा मिनिटं मागा. आठवड्यातून पायाला पाणी लागण्याची ती एकच वेळ, सोबत पंचा ठेवा.

दुसरी, दूध. बाळाला प्लास्टर घालताना भुकेलेलं असू द्या, म्हणजे तेव्हा पाजता येतं. पिणारं बाळ पाय सैल सोडतं, आणि सैल पायावर प्लास्टर चांगलं बसतं. रांगेत नंबर जवळ आला की थोडं थांबवा. टेनोटॉमीच्या दिवशी मात्र पाजायचं की नाही हे आदल्या खेपेलाच विचारून घ्या. जागेवर सुन्न करून करणार असतील तर बहुधा उपाशी ठेवावं लागत नाही, भूल देणार असतील तर लागतं, आणि उपाशी बाळ घेऊन साडेचार तास एसटीत बसणं ही शिक्षा आहे. भूल असेल तर आदल्या रात्री मिरजेत किंवा माहेरी मुक्काम हवाच.

तिसरी, परतीचा प्रवास. प्लास्टर काही मिनिटांत कडक लागतं, पण आतून पूर्ण वाळायला एक-दोन दिवस जातात. ओल्या प्लास्टरवर तुमच्या मांडीचं हाड किंवा बसच्या बाकाची कड दाबली गेली तर तिथे खड्डा पडतो आणि आत कातडीवर टोचत राहतो. मऊ उशी किंवा चार घड्यांचं दुपटं न्या, पाय त्यावर, लोंबकळू देऊ नका. बसमध्ये पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. मागच्या बाकावर प्रत्येक खड्डा बाळाच्या अंगावर येतो. निघण्याआधी बाकावर बसून बोटं पुन्हा एकदा बघा, आणि जतला गाडी बदलताना पुन्हा. काही गडबड असेल तर ती मिरजेत असतानाच कळलेली बरी. लंगोट प्लास्टरच्या वरच्या कडेच्या वर बांधा, शू आत झिरपू देऊ नका.

उन्हाळा आहे आणि जतचा आहे. दोन महिन्यांच्या बाळाला पाणी पाजू नका, कितीही गरम झालं तरी. अंगावरचं दूध जास्त वेळा द्या, पाणी तुम्ही प्या. मोठ्या बसस्थानकांवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, असतो, कुलूप दिसलं तर नियंत्रण कक्षात किल्ली मागा. बहुतेक वेळा ती तिथे टांगलेलीच असते आणि मागायला कुणी येत नाही म्हणून खोली बंद असते.

मोठीला न्यायचं की नाही? माझं मत, तीन वर्षांचं मूल घरी राहू शकत असेल तर या मोजक्या खेपा राहू द्या. तिच्यासाठी रुग्णालयाचा दिवस कंटाळ्याचा आणि आजार घरी आणायचा असतो. सासूबाईंच्या गुडघ्यामुळे जमत नसेल तर अंगणवाडीताई, शेजारची, जाऊ, सकाळी एक आणि दुपारी एक असं वाटून मागा. न्यावीच लागली तर दुसरी बाई सोबत हवी, कारण प्लास्टर घालताना तुमचे दोन्ही हात बाळावर असतात आणि खोलीबाहेर तिचा हात धरायला कुणी नसतं. तिच्या दंडावर पेनानं तुमचा फोन नंबर लिहा. गाडीत उलटी होत असेल तर निघताना दूध देऊ नका, कोरडं काही द्या, चिरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. आणि तिला एक काम द्या. आमच्याकडे एक ताई यायची, तिची चिमुरडी दर स्टॉपला भावाची बोटं मोजायची, दहा भरली की आईला सांगायची. आईची तपासणी आपोआप व्हायची.

यानंतरचा टप्पा प्रवासाचा कमी आणि जास्त धोक्याचा आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. बूट मिळाले की पाय सुंदर दिसतो. मग घरात म्हणतात, झालं की बरं, कशाला पोराला बांधून ठेवता. बहुतेक पाय पुन्हा वळतात ते याच कारणानं, बूट सुटल्यामुळे. आणि बूट सुटतात ते खेप चुकल्यामुळे, कारण बूट लहान झालेले असतात, घोट्याला फोड आलेला असतो आणि विचारायला सव्वाशे किलोमीटर जायचं असतं. यासाठी प्लास्टर खोलीचा फोन नंबर घेऊन ठेवा. फोड, सैल पट्टा, बोटं बुटाच्या कडेबाहेर येणं, हे फोटोवर बरंचसं सांगता येतं आणि अर्धी खेप वाचते. प्लास्टर फोनवर बदलता येत नाही, बुटाची शंका मात्र फोनवर मिटू शकते. तुमच्या भागातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तुम्हीही जात असाल तर बूट पहिल्या पेटीत जाऊ द्या, निघण्याआधी एक खेप करून पुढच्या मापाचे बूट मागून ठेवा, आणि कोणत्या कारखान्याकडे जाताय ते क्लिनिकला सांगा. तिथून जवळचं क्लबफूट क्लिनिक ते सांगू शकतात. एकाच रुग्णालयात बूट तपासले पाहिजेत असं काही नाही.

आता तो फोन. उद्या सकाळी साडेनऊ-दहाला करा, तेव्हा प्लास्टर खोली उघडते आणि गर्दी आत आलेली नसते. नंबर नसेल तर केसपेपरवर रुग्णालयाचा असतो, त्यावरून अस्थिरोग विभाग मागा. बाळाचं नाव, केसपेपर नंबर, प्लास्टर कोणत्या तारखेचं, बोटं कशी आहेत, आणि "मंगळवार चुकला, पुढच्या मंगळवाराआधी आलं तर प्लास्टर होईल का, की मंगळवारीच यायचं" एवढं विचारा. चुकल्याबद्दल कुणी बोललं तर ऐकून घ्या आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा. तारीख मिळाली की दुसरा फोन माहेरी लावा.